सहावा रोजा

पिठाचा गोळा घशाखाली उतरला आणि मग मला आठवलं, आज माझा रोजा आहे. आधी गोळा, मग आठवण. हा क्रम मनात उलटा होऊ नये म्हणून मी जिथे होते तिथेच उभी राहिले, एक हात परातीच्या काठावर, दुसरा अजून तोंडाजवळ. जिभेवर मिरी चुरचुरत होती, दाढेत जिऱ्याचा एक दाणा अडकला होता आणि पापडखाराचा कच्चा, उग्र वास नाकात चढला होता. "मीठ बरोबर आहे का गं?" समोरून जनाबाईनं विचारलं. मी मान हलवली. मीठ बरोबर होतं. मिरी थोडी जास्त पडली होती, तेही मी सांगितलं. म्हणजे हातानं आपलं काम केलं होतं, जिभेनंही चोख केलं होतं, फक्त मी तिथे नव्हते. मग मोरीकडे धावले, थुंकले, दोनदा चूळ भरली, बोट घालून तो जिऱ्याचा दाणा काढला. पण गेलेलं गेलं होतं. पोटात हरभऱ्याएवढं उडदाचं पीठ होतं आणि भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजले होते.

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या या कारखान्यात मी एकोणीस वर्षं पिठाची चव बघते. कारखाना म्हणायचा एवढंच, तळमजल्यावरच्या तीन खोल्या आणि वर वाळवणाची गच्ची. पीठ मळून कुटून झालं की त्यातला छोटा गोळा तोंडात टाकायचा, चावायचा, गिळायचा आणि सांगायचं, मीठ कमी आहे, हिंग चढलाय, खार बेताचा आहे. मी हो म्हटल्याशिवाय लाट्या पडत नाहीत. आधी मालकीणबाई स्वतः चव बघायच्या. त्यांना रक्तदाब निघाला, डॉक्टरनं मीठ तोडलं, तेव्हा त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. "तेरी जबान सच्ची है, खैरून," असं म्हणाल्या होत्या. माझ्या जिभेचा विषय घरात पुष्कळदा निघाला होता, पण कौतुकानं नाही. रमजानचा महिनाभर हे काम जनाबाईकडे असतं. ती अंबरनाथहून येते आणि तिची जीभ खारट, तिच्या महिन्याचे पापड तिखटमिठाला जरा धीटच असतात. यंदा ईदच्या दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंची सून जिज्ञासा मला म्हणाली, "आंटी, अब आपही देखो. आपका तो हो गया ना?" आणि चार दिवसांनी मला पीठ जिभेच्या टोकाला लावून थुंकताना तिनं पाहिलं. तसं चालतं. पोटापाण्याचं काम असेल तर नुसती चव घेऊन थुंकायला हरकत नाही. "आंटी, रमजान तो गया. अब ये कौनसा है?" मी म्हटलं, "ये मेरा है." ती हसली, मीही हसले. मग परातीवर ओला कपडा टाकताना माझ्या लक्षात आलं की मी थट्टा केली नव्हती.

ईदनंतरच्या शव्वाल महिन्यात सहा रोजे ठेवले तर वर्षभर रोजे ठेवल्यासारखं होतं, असं आमच्यात मानतात. ओतूरला माहेरी माझी अम्मी विड्याच्या पानांच्या टोपल्या भिजवता भिजवता सांगायची, हे सहा कुणी मागितलेले नाहीत, म्हणून ते गोड. मागितलेलं देतो तो कर्तव्याचा, न मागता देतो तो मनाचा. मला ते लहानपणी फार आवडलं होतं आणि मोठी झाल्यावर कधीच जमलं नाही. कारण बाईच्या रमजानात दर वर्षी भोकं पडतात. सहा दिवस, सात दिवस पाळीचे. तेव्हा रोजा नाही, नमाज नाही, पण चुकलेले रोजे पुढे भरून द्यावे लागतात. आणि पाळी आहे हे घरात कुणाला कळू द्यायचं नसतं, म्हणून पहाटे सहरीच्या जेवणाला सगळ्यांबरोबर उठायचं, सगळ्यांबरोबर खायचं, दिवसभर कोरडं तोंड करून हिंडायचं. सासूबाई होत्या तोवर मी तांदळाच्या पिंपामागे उकिडवी बसून शिळी चपाती खाल्ली आहे, पाण्याशिवाय, कारण माठाच्या झाकणाचा आवाज व्हायचा. ज्या दिवसांत अल्लानं मला खायची मुभा दिली होती त्या दिवसांत मी चोरासारखं खाल्लं. याचा मला अजून राग आहे. ईद झाली की मग ते चुकलेले भरायला घ्यायचे, एकेक, कामाच्या दिवशी, उन्हात. ते भरता भरता शव्वाल संपायचा, कधी पुढचा महिनाही. माझे स्वतःचे सहा लग्नानंतरच्या तेहतीस वर्षांत एकदाही झाले नाहीत. एका वर्षी तर चुकलेले भरताना परत पाळी आली आणि मी गच्चीवर पापड उलटता उलटता मोठ्यानं हसले. बायकांना वाटलं ऊन लागलं.

गेल्या पावसाळ्यात पाळी थांबली. कुळगावातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झालं आता, सुटलात. अंगात मधूनच वाफ उठायची, झोप उडायची, विनाकारण रडू यायचं, आणि हे सगळं मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काय आहे त्यात, असं मलाच वाटायचं. पण या रमजानमध्ये दहा रोजे झाले, पंधरा झाले, वीस झाले. सत्ताविसाव्यापर्यंत माझा विश्वास नव्हता. रोज सकाळी मी संशयानं उठायचे. शेवटच्या दिवशी चंद्र दिसला, गल्लीत फटाके वाजले, मुलगी तहसीनचा पुण्याहून फोन आला आणि मी फोन कानाला धरून नुसती उभी होते. पुरे तीस. एकही भोक नाही. बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मी ईदला कुणाचंही काही देणं लागत नव्हते. आता सहा माझे. कुणाच्या आज्ञेचे नाहीत, कुणाच्या धाकाचे नाहीत, शेजारणींनी विचारावं म्हणून नाहीत. रमजानात काय, सगळी बदलापूर-मुंब्रा लाईन रोज्याला असते, इफ्तारच्या वेळी रिक्षावालासुद्धा खजूर पुढे करतो. शव्वालात तुमचा रोजा आहे हे फक्त तुम्हाला ठाऊक. हे मला फार हवं होतं. इतकं हवं होतं की मी ते अल्लालाही बोलून दाखवलं नाही.

आणि तेव्हाच मुनीर दहा दिवसांच्या जमातला, मशिदीतल्या लोकांबरोबर गावोगाव धर्माचं सांगत फिरायला गेला. मुनीर म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणते, तहसीनचे अब्बा म्हणते. मनातल्या मनात मुनीर म्हणते, आणि इथे मनातलंच चाललं आहे. तो अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत फिटर होता, तीन वर्षांपूर्वी कंपनी बंद पडली. दोन वर्षं तो बदलापूरच्या आमच्या घरात खिडकीत बसून पालेगावच्या बाजूला उठणारे टॉवर बघत राहिला, मग मशिदीतल्या मंडळींनी त्याला हाताशी धरलं. दाढी आली, टोपी आली, मोबाईलवर मौलवींचे बयान आले. मला बरंच वाटलं. रिकामा माणूस घरभर सांडतो. तो गेला त्या दहा दिवसांत मी पाच रोजे ठेवले. संध्याकाळी कारखान्याच्या गाडीतून उतरायचं, घरी येऊन दिवा लावायचा, एक खजूर, पाणी, कांदा घालून उपमा, आणि समोर कुणी नाही. अझान झाली की घरात माझ्या गिळण्याचा आवाज मला ऐकू यायचा. इतकी सुखी मी लग्नानंतर कधी नव्हते, हे लिहायला लाज वाटत नाही.

काल संध्याकाळी तो परत आला. आज पहाटे पावणेपाचला मी भाकरी दुधात कुस्करून खात होते तर तो उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. "कसला रोजा?" मी सांगितलं, शव्वालचा. सहावा. "सहावा? म्हणजे पाच झाले?" झाले म्हटलं. त्यानं तोंड धुतलं, टॉवेलनं दाढी पुसली, तो टॉवेल नीट घडी करून दांडीवर टाकला. एवढी घडी तो कधी घालत नाही. मग म्हणाला, "मला विचारलंस का?"

मला आधी वाटलं गंमत करतोय. म्हटलं, "कशाबद्दल?"

"नफिल रोजा आहे हा. मनाचा. नवरा घरात असताना त्याच्या इजाजतीशिवाय बायकोला नफिल नाही. मी सांगत नाही, हदीस आहे."

"पाच ठेवले तेव्हा तुम्ही घरात नव्हता."

"म्हणून ते झाले. आज मी आहे."

मी भाकरी संपवत राहिले. ती चावून चावून लगदा झाली होती तरी मी चावत होते. तो जवळ आला, स्टूल ओढून बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "विचार ना मग. मी काय नाही म्हणणार आहे का?" तेवढ्यात अझानची वेळ होत आली. मी पाण्याचा शेवटचा घोट घेतला, ताट उचललं, विसळलं. विचारलं नाही. आणि दिवसभर ते एक वाक्य माझ्या डोक्यात होतं, पावणेबारा वाजता मी परातीत हात घातला तेव्हाही तेच होतं, विचार ना मग, मी काय नाही म्हणणार आहे का.

त्यानं सरळ नाही म्हटलं असतं तर सोपं होतं. मी भांडले असते. भांडणात मी हरत नाही. सकाळी कारखान्याची गाडी चिखलोलीपाशी थांबली, तिथल्या दोघीजणी चढल्या, बाहेर अर्धवट इमारतींवर हिरवी जाळी उडत होती, आणि तेव्हा मला कळलं की त्याला माझा रोजा मोडायचा नाहीच आहे. त्याला विचारलं जायला हवं आहे. कंपनीत पंधरा माणसं त्याला विचारल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावत नव्हती. तीन वर्षं झाली, त्याला कुणी काही विचारलेलं नाही. तहसीननं नोकरी घेतली, घर घेतलं, मला फोन केला. दूधवाला बदलायचा तर मी बदलते. त्याच्या घरात त्याच्याशिवाय सगळं होतं. मला त्याची दया आली, खरोखर आली, डोळ्यांत पाणी आलं, आणि गाडीतल्या शीतलनं विचारलं, "काकी, कचरा गेला का?" म्हटलं, हो, गेला. पण दया आली म्हणून काही मी विचारणार नव्हते. दयेपोटी मी त्याला काय हवं ते देईन, भाकरी देईन, पाय चेपून देईन, शेजाऱ्यांसमोर मान देईन. एवढं एकच माझ्याकडे असं आहे जे कुणी दिलेलं नाही. ते त्याच्या हातातून परत घेतलं तर मग माझं काय राहिलं? आणि गंमत बघा. तेहतीस वर्षं मी देणं फेडत होते तेव्हा मला कुणाला विचारावं लागलं नाही. रमजानातले चुकलेले रोजे फर्ज, म्हणजे बंधनाचे असतात, त्यांच्या आड नवरा येऊ शकत नाही, हेही त्याच्याच बयानांत आहे. बांधलेली होते तोवर मोकळी होते. मोकळी झाले आणि इजाजत लागायला लागली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बायका डबे उघडून बसल्या. मी गच्चीच्या जिन्यात सावलीला बसले, तर जनाबाई आपला डबा घेऊन माझ्याजवळ आली. मी तिला पिठाचं सांगितलं. रोजा मोडला की नाही, विचारलं, जसं काही तिला ठाऊक असणार. ती म्हणाली, "तुमच्यात काय सांगितलंय?"

"विसरून खाल्लं तर मोडत नाही. अल्लानं खिलवलं समजायचं आणि पुढे चालू ठेवायचं."

"मग झालं की. तुझ्या देवानं तुला उडदाचं पीठ खिलवलं. चांगलं मिठाचं खिलवलं, बेचव तरी नाही."

"पण मी विसरले होते का, हाच तर प्रश्न आहे."

जनाबाईनं घास खाली ठेवला. ती बौद्ध, पौर्णिमेला अष्टशील पाळते, दुपारी बारानंतर खात नाही, तिला या गोष्टी कळतात. "हे बघ खैरून," ती म्हणाली, "माझी पौर्णिमा असली की आमचे हे म्हणतात, संध्याकाळी कशी गं जेवत नाहीस, कुणाला दाखवतेस? मी म्हणते, तुम्हाला भाकरी मिळाली ना? मग गप खा. तू काय घेऊन बसलीस?" मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "नवऱ्यानं काय म्हटलं काय?"

मी म्हटलं, काही नाही. खोटं बोलले. रोज्यात खोटं बोलू नये, तेही केलं.

ओतूरला एकदा, मी नऊ-दहा वर्षांची असेन, माझा पहिला रोजा होता आणि मी परसात जाऊन एक अख्खा पेरू खाल्ला. बिया चावत चावत, पाय हलवत, अगदी रमतगमत. खाऊन झाल्यावर आठवलं आणि मी भोकाड पसरलं. अम्मी दारात उभी होती. तिनं पहिल्या घासापासून पाहिलं होतं. मी रडत म्हटलं, मग तू थांबवलं का नाहीस? ती म्हणाली, "अल्ला देत होता, मी कोण काढून घेणारी." ते विसरणं खरं होतं. त्यात दुसरं कुणी नव्हतं, फक्त पेरू होता. आजच्या विसरण्यात मुनीर होता. गोळा तोंडात टाकताना मी त्याच्याशी बोलत होते, मनात, फार सुरेख उत्तरं देत होते, जी पहाटे सुचली नव्हती. मग मी विसरले की रागानं माझा हात उचलला? मला मोडायचाच होता का, म्हणजे विचारायचं की नाही हा प्रश्नच उरला नसता? जिन्यात बसून मी स्वतःला हे पुनःपुन्हा विचारलं. सुट्टी संपून खालून पुन्हा पापड लाटल्याचे आवाज येऊ लागले होते, गच्चीवरचा पत्रा तापून तडतडत होता, तहान घशातून उतरून छातीत बसली होती. आणि मग मला माझाच राग आला. ज्या रोज्याला साक्षीदार नाही त्याला न्यायाधीश तरी कशाला हवा? मी विसरले होते. आधी गोळा, मग आठवण. अल्लानं त्या वेळी मला खायला घातलं कारण पहाटे कुणीतरी माझा घास कडू केला होता. असं मी ठरवलं आणि त्या ठरवण्यावर उभी राहिले. दुपारच्या तीन पराती मी जिभेच्या टोकानं पाहिल्या आणि तिन्ही वेळा थुंकले.

साडेतीनला मुनीरचा फोन आला. मुंब्र्याहून रशीदाआपा येणार आहे, म्हणाला, जरा लवकर निघ. आपा त्याची मोठी बहीण. तिनंच त्याला वाढवलं, आणि मला अजून दुल्हन म्हणते. फोन ठेवता ठेवता तो थांबला. "खैरून," तो म्हणाला, "तू विचारलं नाहीस अजून." मी म्हटलं, गाडीची वेळ झाली.

घरी पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. आपा पलंगावर मांडी घालून बसली होती, मुनीर खाली चटईवर. तिनं आणलेले खिम्याचे समोसे ताटात होते, मुनीरनं स्वतः गुलाबाचं सरबत केलं होतं, पातेल्याभोवती सगळीकडे लाल ठिपके. मी बुरखा काढून टांगला, हातपाय धुतले, आपाला सलाम केला. बदलापूरचा उन्हाळा असा की संध्याकाळीसुद्धा भिंत हाताला चटका देते. आपानं सरबताचा पेला माझ्यापुढे धरला. "घे दुल्हन, तोंड बघ कसं सुकलंय."

"रोजा आहे आपा."

"आता कसला?"

मी तोंड उघडलं, पण मुनीर माझ्याआधी बोलला. "शव्वालचा आहे. सहावा. सकाळी म्हणाली ठेवू का, मी म्हटलं ठेव. मी कशाला अडवू? इजाजत दिली." हे तो आपाकडे बघून बोलला. आवाज जुना होता, कंपनीतला, पंधरा माणसांचा. मग एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात धमकी नव्हती. विनवणी होती. एवढं राहू दे, असं.

आपानं दोन्ही हातांनी माझी दृष्ट काढली, कानशिलावर बोटं मोडली. "माशाअल्ला. नवऱ्याला विचारून नेकी करणारी बाई आजकाल कुठे असते? तुलाही सवाब मिळेल, त्यालाही. बस इथे." आणि तिनं पेला परत ट्रेमध्ये ठेवला, माझ्यासाठी, वेळ झाल्यावर प्यायला.

मी बसले. सहा चाळीस झाले होते. मगरिबला, रोजा सोडायच्या वेळेला, पंधरा मिनिटं होती. पंधरा मिनिटं गप्प बसायचं, बाकी काही करायचं नव्हतं. आपा तिच्या नातवाच्या दाखल्याबद्दल बोलत होती, मुनीर हसत होता, कित्येक दिवसांनी मोकळा हसत होता, आणि मी ट्रेमधल्या त्या पेल्याकडे बघत होते आणि माझ्या अंगातून तीच वाफ उठत होती, पायांपासून मानेपर्यंत. चौदा तासांची तहान, पाच दिवसांचं सुख, तेहतीस वर्षांची वाट, सगळं त्यानं दोन वाक्यांत आपल्या नावावर करून घेतलं होतं, आणि आपानं त्यावर शिक्का मारला होता. आता अझान होईल, मी खजूर तोंडात घालीन आणि तो आज्ञाधारक बाईच्या रोज्याचा असेल. अम्मी म्हणायची तसा गोड नाही. मुनीरनं ठेवायला दिलेला. नाही म्हणावं, आपासमोर त्याला खोटं पाडावं, हे मी करू शकत होते. जीभ सच्ची आहे माझी. पण त्याचा चेहरा माझ्यासमोर होता आणि मला त्याला पाडायचं नव्हतं. मला फक्त माझं परत हवं होतं.

मी ट्रेमधला पेला उचलला आणि प्यायले.

आपा म्हणाली, "दुल्हन, अगं, वेळ नाही झाली. दहा मिनिटं आहेत." मी पेला खाली ठेवला नाही, तळाशी गेलेल्या सब्जाच्या बियांसकट संपवला. सरबत फार गोड झालं होतं. मुनीरला साखरेचा अंदाज कधीच नव्हता. इतकं वाईट मला कधी वाटलं नसेल, माझ्या हातानं मी माझा सहावा मोडत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "विसरलीस का गं?" आपानं विचारलं. मला वाट काढून द्यायची होती तिला. चांगली बाई आहे.

"नाही आपा," मी म्हटलं. "विसरले नाही. ठाऊक असून प्यायले."

"का पण?"

"यांनी दिलेला होता, तो संपला. माझा उद्या धरते." मग मी मुनीरकडे वळले. आवाज चढवला नाही. "धरलेला नफिल मोडला की तो मनाचा राहत नाही. तो भरून द्यावाच लागतो. म्हणजे उद्याचा देण्यातला. आणि देण्याचे रोजे मी तेहतीस वर्षं कुणाला न विचारता ठेवलेत."

हे बरोबर की चूक, ते एखादा मुफ्ती सांगेल. तो काय सांगेल याचाही मला अंदाज आहे. मी त्याला विचारायला जाणार नाही.

आपा काही समजून, काही न समजून, नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूला म्हणून उठली. मोरीत पाणी पडू लागलं. मुनीर चटईवरच बसून होता. बाहेर अझान सुरू झाली, आधी लांबची, मग आपल्या मशिदीची, आणि आयुष्यात पहिल्यांदा मगरिबची अझान ऐकताना माझ्या तोंडात चव आधीच होती. तो हळूच म्हणाला, "एकदा विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी हो म्हणणार होतो."

"ठाऊक आहे."

"मग?"

"म्हणूनच नाही विचारलं."

त्यानं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत घातली. मी ट्रे उचलला, समोसे झाकले. दारात थांबून म्हटलं, "तुम्ही या सहापैकी एकही धरलेला नाही. उद्या धरा हवा तर. तुम्हाला कुणाला विचारावं लागत नाही."

स्वयंपाकघरात जाऊन मी पहाटेच्या भाकरीचं पीठ काढलं. किती जणांचं काढलं ते त्यानं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.